अडलेल्या पाण्याला वाट

आरामात बसा. पाठ सरळ, खांदे सैल. श्वास आहे तसा चालू द्या. या मननाला मंत्र लागत नाही आणि मन रिकामं करण्याचा आटापिटाही लागत नाही. आपल्याला फक्त पाण्याच्या मागे मागे जायचं आहे. एका होडीच्या पोटात ते जिथून शिरतं, जिथून वळतं, जिथे साचून राहतं, तिथे तिथे आपणही थांबायचं आहे. वाचता वाचता मन भलतीकडे गेलं, तर ज्या नळीपाशी ते सुटलं त्याच नळीपाशी परत या.

होडी कुठली ते आधी ठरवू. अमेरिकेतलं शिकागो शहर, मिशिगन सरोवराचा काठ, ऑक्टोबरचा शेवट. इथल्या बंदरांत होड्या नांगरण्याचा हंगाम मे महिन्याच्या सुरुवातीपासून ३१ ऑक्टोबरपर्यंत असतो. शरद ऋतूत ठरावीक बुधवारी आणि शनिवारी शहराच्या मधून वाहणाऱ्या नदीवरचे पूल एकामागून एक उचलले जातात, आणि उंच डोलकाठ्यांच्या होड्या त्यांतून वाट काढत आतल्या यार्डांकडे जातात. तिथे त्यांना पाण्याबाहेर काढून लोखंडी आधारांवर उभं करतात. आपली होडी त्यांतलीच एक. दहा मीटर लांब, शिडाची. पोटात लहान डिझेल इंजिन, पिण्याच्या पाण्याची टाकी, स्वयंपाकाचं बेसिन, अंघोळीचा शॉवर, गरम पाण्याची टाकी आणि एक संडास.

होडी आता कोरड्या जमिनीवर आहे. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, पाण्याशी तिचा संबंध संपला. पण ते तिच्या आत अजून आहे. ते कुठे कुठे आहे, हे मनात एकदा मोजून पाहा.

थांबा. एक श्वास.

आता पाण्याच्या स्वभावाकडे या. बहुतेक पदार्थ थंड होतात तसे आकसतात आणि जड होतात. पाणीही आकसतं, पण ४ अंश सेल्सियसपर्यंतच. तिथे ते सर्वांत जड असतं. त्याहून थंड झालं की पुन्हा पसरू लागतं, आणि गोठताना एकदम सुमारे ९ टक्क्यांनी फुगतं. दहा लिटर पाण्याचा जवळजवळ अकरा लिटर बर्फ होतो. गोठताना पाण्याचे रेणू एकमेकांना षट्कोनी जाळीत धरतात. त्या जाळीत पोकळ जागा असते, म्हणून बर्फ पाण्यापेक्षा हलका होतो आणि वर तरंगतो.

याच गुणामुळे मिशिगन सरोवर जगतं. थंडीत पृष्ठभाग गोठतो, खाली सुमारे ४ अंशांचं पाणी राहतं, आणि त्यात मासे हिवाळा काढतात. मार्च २०१४ मध्ये या सरोवराचा ९० टक्क्यांहून जास्त पृष्ठभाग बर्फाने झाकला होता. तरी सरोवराला काही इजा झाली नाही. कारण फुगणाऱ्या बर्फाला वर सारं आकाश मोकळं होतं.

नळीला ते आकाश नसतं. तिथे तेच पाणी, तोच गुण, पण जागा नाही. ३० जानेवारी २०१९ ला शिकागोचा पारा उणे ३० अंशांपर्यंत उतरला होता. उणे २२ अंशांना पाणी गोठू द्यायचं नसेल, तर त्याला वातावरणाच्या दोन हजार पटींहून अधिक दाबाखाली कोंडून ठेवावं लागेल. एवढा दाब सोसेल अशी नळी कुठल्याच होडीत नसते. म्हणजे गोठणाऱ्या पाण्याशी जोर लावून उपयोग नाही. त्याला बाहेर काढावं, नाहीतर फुगायला जागा ठेवावी.

हे दोनच मार्ग आहेत. त्यांच्यावर थोडा वेळ मन ठेवा.

आता होडीत उतरू. पहिली जागा पिण्याच्या पाण्याची टाकी. आपण सगळ्या तोट्या उघडतो आणि पंप चालू ठेवतो. पाणी येतं, मग तोट्यांतून फुस्स करत हवा येऊ लागते, आणि आपण म्हणतो, झाली रिकामी. इथे सावध व्हा. पंपाला खेचता येणार नाही असं थोडं पाणी टाकीच्या तळाशी उरलेलं असतं. नळ्यांच्या पोटात, जिथे त्या खाली झुकून पुन्हा वर चढतात, तिथे पेलाभर पाणी उरतं. पंपाच्या डोक्यात, गाळणीच्या वाटीत, उलट प्रवाह अडवणाऱ्या झडपेच्या मागे, शॉवरच्या लवचिक नळीत. कुणी हवेचा कॉम्प्रेसर लावून नळ्या फुंकून काढतो, पण वरून हवा निघून जाते आणि खोलगट जागी पाणी बसूनच राहतं.

भरलेल्या टाकीकडे आपलं लक्ष असतंच. हानी बहुधा त्या पेलाभर पाण्याने होते, ज्याची दखल कुणी घेतली नाही.

नळी फुटते कशी, तेही सावकाश पाहा. बर्फ आतून भिंतीला ढकलतो आणि भिंत फाटते, असं चित्र सहज डोळ्यांपुढे येतं. पुष्कळदा घडतं ते वेगळंच. नळीत एके ठिकाणी बर्फाचा बूच बसतो आणि तो वाढत जातो. एका बाजूला तो बूच, दुसऱ्या बाजूला बंद तोटी, आणि मधे अजून न गोठलेलं पाणी. त्या पाण्याला ना मागे जायला वाट, ना पुढे. दाब चढत जातो, आणि नळी तिच्या सर्वांत कच्च्या जागी फुटते. ती जागा बर्फापासून बरीच दूरही असू शकते. म्हणून हिवाळाभर तोट्या उघड्या ठेवायच्या. शिकागोत राहणारी मराठी कुटुंबंही थंडीपूर्वी अंगणातल्या नळाचं पाणी आतून बंद करतात आणि बाहेरची तोटी उघडी ठेवतात, ती याचसाठी.

श्वास घ्या. सोडा. आपल्यासमोर आता गरम पाण्याची टाकी आहे.

वीस-बावीस लिटरची, इंजिनाजवळ कोपऱ्यात बसवलेली. पहिलं काम तिची वीज बंद करणं, कारण आतली तापणारी कांडी पाण्याशिवाय चालली तर जळून जाते. मग खालची तोटी उघडायची, आणि वरची हवेची झडपही उघडायची. हवा आत आली नाही तर पाणी नीट बाहेर येत नाही. टाकी रिकामी झाली की तिची येणारी आणि जाणारी नळी परस्पर जोडून टाकीला वगळतात. आता पुढचं काम टाकीशिवाय, फक्त नळ्यांपुरतं राहतं.

आता उरलेल्या पाण्याची जागा घ्यायला गुलाबी द्रव येतो. प्रोपिलीन ग्लायकॉलचं हे मिश्रण पिण्याच्या पाण्याच्या नळ्यांत चालतं. मोटारीच्या रेडिएटरमध्ये बहुधा असतं ते इथिलीन ग्लायकॉल. ते विषारी आहे, चवीला गोड आहे म्हणून अधिकच धोक्याचं, आणि पिण्याच्या नळ्यांत ते कधीही घालायचं नाही. पंपाची टाकीकडची नळी सोडवून या गुलाबी द्रवाच्या कॅनमध्ये बुडवतात. मग एकेक तोटी उघडायची: बेसिनची थंड, बेसिनची गरम, मोरीची, शॉवरची, मागच्या बाजूला पाय धुवायची. प्रत्येक ठिकाणी आधी साधं पाणी येतं, मग फिकट गुलाबी, मग गडद. गडद गुलाबी दिसेपर्यंत तिथून हलायचं नाही.

या थांबण्यातच या कामाचं सारं सत्त्व आहे. "इथपर्यंत आलं असेल" हे पुरेसं नाही. पलीकडच्या तोंडाशी जाऊन डोळ्यांनी पाहावं लागतं. रात्री निजण्यापूर्वी आई घरभर फिरून प्रत्येक कडीला हात लावून पाहते, तसं हे प्रत्येक तोंडाशी जाणं. फिकट रंग म्हणजे द्रवात पाणी मिसळलेलं आहे, आणि जितकं पाणी मिसळलं तितकं संरक्षण उणं झालं. म्हणूनच आधी काढता येईल तेवढं पाणी काढायचं आणि मगच हा द्रव घालायचा.

आता या द्रवाचं एक वैशिष्ट्य मनाशी धरा. कॅनवर उणे ५० फॅरनहाइट, म्हणजे सुमारे उणे ४५ अंश सेल्सियस, असं लिहिलेलं असतं. वाचणाऱ्याला वाटतं, तिथपर्यंत हा गोठणारच नाही. प्रत्यक्षात उणे १०-१२ अंशांच्या आसपासच तो घट्ट होऊ लागतो, त्यात बर्फाचे कण तयार होतात, तो लगद्यासारखा होतो. पण लगदा सरकतो. तो जागा शोधत नळीतून पुढेमागे होतो, आणि भिंतीवर तो जोर येत नाही. थंडी या द्रवाच्या आतही शिरते. फक्त तिला काही फोडता येत नाही. आपणही थंडीला थांबवू शकत नाही. तिने आत आल्यावर काय करावं, एवढंच आपल्या हातात आहे.

हे वाक्य दोन श्वासांपर्यंत मनात राहू द्या.

आता इंजिनाकडे. या डिझेल इंजिनाच्या आत दोन वेगळ्या वाटांनी द्रव फिरतो. आतली वाट बंद असते. तिच्यात शीतक सदैव असतं, आणि त्याचा कस मोजून पाहायचा असतो. इथिलीन ग्लायकॉल आणि पाणी निम्मंनिम्मं असेल, तर ते सुमारे उणे ३७ अंशांपर्यंत पुरतं. बाहेरची वाट सरोवराच्या पाण्याची. ते तळाच्या छिद्रातून येतं, गाळणीतून जातं, रबरी पाकळ्यांचा इम्पेलर त्याला ढकलतो, उष्णता अदलाबदल करणाऱ्या नळकांड्यातून ते आतल्या शीतकाची उष्णता घेतं, आणि धुराबरोबर मागच्या नळीतून बाहेर पडतं. जाताना धुराच्या डब्यात, म्हणजे सर्वांत खालच्या जागी, ते साचून राहतं.

ही वाट गुलाबी द्रवाने भरायची. इंजिनाकडची नळी द्रवाच्या बादलीत घालून इंजिन थोडा वेळ चालवायचं, आणि कुणीतरी मागे उभं राहून धुराच्या तोंडाशी रंग पाहायचा. तिथे बादली धरायची, कारण प्रोपिलीन ग्लायकॉल माणसाला विषारी नसलं, तरी पाण्यात कुजताना त्यातला प्राणवायू ओढून घेतं. माशांच्या वाट्याचा श्वास आपल्या होडीच्या सोयीसाठी खर्च करायचा नाही. काही पेट्रोल इंजिनांत सरोवराचंच पाणी थेट इंजिनाच्या ठोकळ्यातून फिरतं. तिथे थर्मोस्टॅट थंड असेल तर तो बंदच राहतो, आणि द्रव ठोकळ्यात न शिरता परस्पर निघून जातो. बाहेर गुलाबी दिसतं, आत साधं पाणीच राहतं. म्हणून अशा ठोकळ्याचे खालचे बूच काढून पाणी सोडतात. बूच काढल्यावरही धार आली नाही, तर भोकात तार घालून गंजाचा खवला मोकळा करायचा. धार नाही म्हणजे पाणी नाही, असं धरून चालायचं नाही.

इम्पेलर काढून ठेवायचा. हिवाळाभर एकाच जागी दबून राहिल्या की रबरी पाकळ्या वाकलेल्याच राहतात.

सावकाश श्वास. आता खाली, तळाकडे.

होडीच्या तळाला छिद्रं असतात, आणि प्रत्येक छिद्रावर एक कॉक असतो. त्यातल्या गोळ्याला आरपार भोक. कॉक बंद केला की गोळा फिरतो आणि भोकातलं पाणी आतच अडकतं. चमचा-दोन चमचे असेल. तेवढं गोठलं तरी कॉकचं अंग तडकू शकतं. जमिनीवरच्या होडीचे कॉक म्हणूनच दोनचार वेळा उघडबंद करतात आणि उघडे ठेवून देतात. पाण्यातच हिवाळा काढणाऱ्या होडीचे कॉक मात्र बंदच ठेवावे लागतात, आणि आतल्या बाजूने त्यांची काळजी घ्यावी लागते. अशा होड्यांभोवती गोदीत खालचं सुमारे ४ अंशांचं पाणी वर ढवळत ठेवतात, म्हणजे बर्फ त्यांना कवळत नाही. मघाचा तो ४ अंशांचा नियम इथे होडीला वाचवतो.

मग संडास. त्याची मैलाटाकी धक्क्यावरच्या पंपाने आधीच उपसून घेतलेली असते. आता त्याच्या येणाऱ्या नळीतून गुलाबी द्रव खेचून भांड्यातून पुढे ढकलायचा. शेवटी होडीचा सर्वांत खालचा खळगा, जिथे वरचं सगळं ठिबकत येऊन साचतं. तो पुसून कोरडा करायचा आणि त्याच्या पंपातही थोडा द्रव सोडायचा. ही कामं कुणी हौसेने करत नाही. पण पाण्याला मानाची जागा आणि हलकी जागा हा भेद कळत नाही. ते जिथे उरेल तिथे गोठेल.

आता थंडीकडून गंजाकडे वळू. बर्फ एका रात्रीत काम करतो. गंज सहा महिने शांतपणे करत राहतो. अटलांटिकच्या खाऱ्या पाण्यातल्या होड्यांना तो अधिक छळतो, म्हणून तिथे इंजिनाची बाहेरची वाट आधी गोड्या पाण्याने धुतात. वापरलेल्या इंजिन-तेलात आम्लं तयार झालेली असतात. ते तेल थंडीनंतर नव्हे, थंडीपूर्वीच बदलायचं, म्हणजे हिवाळाभर आतले धातू स्वच्छ तेलात राहतात. स्वस्त पितळेच्या जोडांवर नजर टाका. खाऱ्या पाण्यात पितळेतलं जस्त निघून जातं आणि ठिसूळ, लालसर तांबं उरतं. आकार तोच दिसतो, बळ गेलेलं असतं. तळाच्या छिद्रांवर म्हणून कांस्याचे जोड बसवतात.

आणि मग जस्ताचे तुकडे. पाण्यात वेगवेगळे धातू एकमेकांशी जोडलेले असले की त्यांच्यात विजेचा बारीक प्रवाह सुरू होतो, आणि जो धातू अधिक चटकन विरघळतो तो आधी झिजतो. म्हणून होडीला ढकलणाऱ्या पंख्याच्या दांड्यावर, पंख्याजवळ, उष्णतेच्या नळकांड्यात मुद्दाम असा धातू बसवतात: खाऱ्या पाण्यात जस्त, गोड्या पाण्यात मॅग्नेशियम. तो स्वतः झिजतो आणि बाकीच्यांना वाचवतो. निम्मा झिजला की बदलायचा. त्याच्यावर रंग द्यायचा नाही, कारण रंगाखाली झाकला की त्याला झिजता येत नाही.

ही युक्ती इंग्लंडमध्ये रसायनशास्त्रज्ञ हंफ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये मांडली. ब्रिटिश नौदलाच्या लाकडी जहाजांच्या तळाला तांब्याचा पत्रा होता आणि तो समुद्रात झिजत होता. डेव्हींनी त्याला जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडले. तांबं झिजायचं थांबलं. पण झिजणाऱ्या तांब्याच्या विषामुळेच तर समुद्री शेवाळ आणि कालवं तळाला चिकटत नव्हती. तांबं सुरक्षित झालं तसे जीव चिकटू लागले, जहाजं मंदावली, आणि नौदलाला ती योजना सोडावी लागली. यावर क्षणभर थांबा. एखाद्या गोष्टीला वाचवताना तिच्या झिजण्यावर आणखी काय अवलंबून आहे, हेही पाहावं लागतं.

आता काळाकडे पाहू. जानेवारीच्या एका रात्री कुठेतरी गाळणीची वाटी तडकते. त्या वेळी काहीच होत नाही. तडा बर्फानेच बुजवलेला असतो. होडी जमिनीवर असेल, तर मे महिन्यात पंप चालू केल्यावर वाटी फुटकी दिसते. होडी पाण्यात असेल आणि कॉक उघडा राहिला असेल, तर मार्चच्या पहिल्या उबेत बर्फ वितळतो, तड्यातून सरोवर आत येतं, आणि होडी धक्क्यालाच बुडते. इजा थंडीत होते आणि नुकसान उबेत कळतं. म्हणून वसंतात हळहळण्याची वेळ येऊ नये यासाठी ऑक्टोबरातच गुडघे टेकून तळाशी उतरावं लागतं.

होडीला विसावा देण्याचा रिवाज आपल्या किनाऱ्यालाही परका नाही. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. कोळी बांधव होड्या वर ओढून घेतात, डागडुजी करतात, आणि परंपरेने नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करून पुन्हा पाण्यात उतरतात. तिथे शत्रू बर्फ नव्हे, पावसाळी दर्या आहे. माशांच्या विणीचा काळही तोच. पण दोन्ही किनाऱ्यांवर समज एकच: होडी चालवणं हे जितकं काम आहे, तितकंच तिला नीट थांबवणं.

आता शेवटचा टप्पा. मनातल्या मनात होडीच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत एकदा चालून या. टाकी, पंप, गरम पाण्याची टाकी, बेसिन, शॉवर, संडास, तळाचे कॉक, गाळणी, इंजिन, धुराचा डबा, खळगा. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारा: इथे पाणी अडलं आहे का, आणि अडलं असेल तर त्याला वाट कुठली? उत्तर "नसावं" असं आलं, तर पुन्हा त्या जागी जा. "नाही, मी पाहिलं" असं आलं, तर पुढे.

हे चालणं झालं की एक काम राहतं. एक चिठ्ठी लिहा आणि इंजिनाच्या किल्लीला बांधा. तिच्यावर साध्या शब्दांत सगळं मांडा: इम्पेलर काढला आहे, तो बसवल्याशिवाय इंजिन सुरू करू नये. गरम पाण्याची टाकी रिकामी आहे, वीज लावू नये. तळाचे कॉक उघडे आहेत, होडी पाण्यात सोडण्यापूर्वी बंद करावेत. नळ्यांत गुलाबी द्रव आहे, पिण्याआधी धुऊन काढावा. मे महिन्यात ही किल्ली कदाचित तुम्हीच हातात घ्याल, कदाचित दुसरं कुणी घेईल. तुम्ही घेतलीत तरी सहा महिन्यांत बरंच विसरलेलं असेल. पाण्याला वाट करून देणं हे निम्मं काम. कुठली वाट उघडी आहे आणि कुठली बंद, हे पुढच्या माणसाला कळवलं की ते पूर्ण होतं.